सोरायसिस सांध्यांत उतरतो तेव्हा

सकाळी उठल्यावर शर्टाचे बटण लावता येत नाही, ही तक्रार घेऊन कोणी रुग्णालयात दाखल होत नाही. नळ पिळता येत नाही, कुकरचे झाकण बसवताना बोटे साथ देत नाहीत. तासाभराने हात थोडे मोकळे होतात आणि माणूस कामाला लागतो. ‘सोरायटिक आर्थ्रायटिस’ अर्थात सोरायसिसमुळे होणारा संधिवात हा अशा बारीकसारीक कामांतून माणसाला गाठणारा आजार आहे. तो रुग्णाला बहुधा खाटेवर पाडत नाही आणि नेमक्या याच कारणाने त्याचा खरा खर्च कोणाच्या हिशेबात येत नाही.

सोरायसिस हा त्वचारोग अनेकांना परिचित आहे. कोपर, गुडघे, डोके, पाठ या ठिकाणी लालसर चट्टे उठतात व त्यांवर रुपेरी पापुद्रे धरतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा भरकटल्यामुळे होणारा हा दाह काही रुग्णांमध्ये त्वचेपुरता मर्यादित राहत नाही. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार सोरायसिसच्या दर दहा रुग्णांपैकी दोन ते तिघांच्या सांध्यांपर्यंत तो पोहोचतो. भारतातील रुग्णालयांमधील पाहण्यांत हे प्रमाण बहुधा कमी आढळले आहे. साधारणपणे तीस ते पन्नास या वयात, म्हणजे घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे चालू असताना, हा आजार सुरू होतो. बहुतेकांना आधी त्वचेवर चट्टे येतात आणि काही वर्षांनी सांधे धरतात. थोड्यांमध्ये मात्र क्रम उलटा असतो.

निदानातील पहिली अडचण अशी की, सांधेदुखी ही आपल्याकडे घरोघरी आहे. पुण्याजवळील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली घरोघर जाऊन पाहणी सुरू झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. या गर्दीत एखाद्याची टाचदुखी वेगळी आहे, हे कसे कळावे? सोरायसिसजन्य संधिवातात स्नायुबंध हाडाला जिथे जोडलेला असतो तीच जागा सुजते. म्हणून टाचेच्या मागे किंवा तळव्याशी कळ येते. दोष मात्र चपलेला दिला जातो. आमवाताच्या निदानासाठी केली जाणारी ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर’ ही रक्तचाचणी या आजारात बहुधा नकारात्मक येते आणि ‘संधिवात नाही’ असे म्हणून रुग्ण घरी जातो. सोरायसिसमध्ये अनेकदा रक्तातील युरिक ॲसिड वाढलेले असते. मग ‘गाऊट’ समजून उपचार होतात. शिवाय सांध्यांच्या डॉक्टरांना डोक्यातील चट्टे दाखवावेत, असे रुग्णाला सुचत नाही आणि त्वचेच्या डॉक्टरांना टाचेविषयी सांगणे अप्रस्तुत वाटते. एकच रोग दोन दालनांत विभागला जातो.

हा विलंब महाग पडतो. आयर्लंडमधील रुग्णांचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, तज्ज्ञापर्यंत पोहोचण्यास सहा महिन्यांहून अधिक उशीर झालेल्यांच्या सांध्यांची झीज पुढे अधिक आढळली आणि त्यांची कार्यक्षमताही कमी राहिली. आपल्याकडे सहा महिने तर मलम, शेक आणि ओळखीच्या कोणी सुचवलेली पुडी यांतच सहज निघून जातात. या पुड्यांविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. काहींत छुपे स्टेरॉइड असते. आराम पडतो, विश्वास बसतो आणि पुडी अचानक बंद होताच त्वचेवरील सोरायसिस पूर्वीपेक्षा भयंकर रूपात उसळू शकतो.

झिजलेले हाड औषधाने पूर्ववत होत नाही. त्यामुळे या आजारात पैशाचा प्रश्न हा वेळेचाही प्रश्न असतो.

सुरुवातीच्या उपचारांत मेथोट्रेक्सेट हे औषध आपल्याकडे बहुतेकांना मिळते. ते स्वस्त आहे. गोळ्यांचा महिन्याचा खर्च साधारणपणे पाचशे रुपयांच्या आत राहतो. त्याखेरीज यकृताच्या व रक्ताच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेल्यास जिवावर बेतू शकते, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. मद्य वर्ज्य. गर्भधारणेपूर्वी स्त्रियांना हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावेच लागते. लग्नाच्या वयातील मुलीच्या घरी हा केवळ वैद्यकीय मुद्दा राहत नाही. आधी चट्टे लपवले जातात, मग गोळ्याही लपवल्या जातात.

मेथोट्रेक्सेटने काम भागत नाही तेव्हा ‘बायोलॉजिक’ इंजेक्शनांचा विषय निघतो. दाह पेटवणाऱ्या विशिष्ट प्रथिनांना ती रोखतात. एटॅनरसेप्ट या इंजेक्शनाला २००२ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली. प्रसिद्ध गोल्फपटू फिल मिकलसनने २०१० मध्ये आपल्याला हाच आजार असल्याचे जाहीर केले आणि २०२१ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्याने पीजीए अजिंक्यपद जिंकले. हे उदाहरण उमेद देणारे खरे. पण औषधाची किंमत ही त्याच्यापुढची अडचण नव्हती आणि त्या औषधाच्या जाहिरातीतही तो झळकत होता. भारतात अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ॲडालिमुमॅब या इंजेक्शनाची देशी आवृत्ती आणली, तेव्हा एका मात्रेची किंमत सुमारे १२ हजार रुपये होती. दर पंधरवड्याला एक मात्रा असा हिशेब केला, तर महिन्याला २४ हजार. पुढे स्पर्धेमुळे किमती उतरल्या, टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही आल्या. तरीही मध्यमवर्गीय घरात हा खर्च दरमहा घराच्या हप्त्याशेजारी बसतो.

आपल्याकडे त्यात आणखी एक पायरी आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि ॲडालिमुमॅबसारख्या इंजेक्शनांमुळे शरीरात सुप्त असलेला क्षय जागा होऊ शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, क्षयाची चाचणी आणि गरज पडल्यास प्रतिबंधक औषधे. ही पायरी पैसे वाचवण्यासाठी गाळता येत नाही. गाळली जाते ती मात्रा. पंधरवड्याचे इंजेक्शन महिन्यावर जाते, मग सणाला थांबते, मग शाळेची फी भरायची म्हणून बंद होते. बरे वाटू लागल्यामुळे थांबवले, असे सांगणाऱ्या रुग्णाला कारण विचारत गेले, तर पुष्कळदा ते पैशाशी येऊन थांबते.

विम्याचे काय? आपल्याकडील आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयातील खाटेभोवती उभा आहे; किमान २४ तास दाखल असण्याची अट त्याच्या मुळाशी आहे. सांधे धरलेला माणूस खाटेवर नसतो, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत असतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम नागरिकांनी थेट खिशातून भरली. या आजाराची बहुतेक बिले त्याच रकान्यातली. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मात्र इंजेक्शनाद्वारे दिल्या जाणाऱ्या ‘मोनोक्लोनल अँटिबॉडी’ उपचाराचा आधुनिक उपचारांच्या यादीत समावेश केला. दाखल होऊन किंवा ‘डे केअर’ पद्धतीने रुग्णालयात घेतल्यास तो विम्यातून वगळता येत नाही; खर्चाला मर्यादा मात्र घालता येते. तेच इंजेक्शन घरी, फ्रीजमधून काढून स्वतः टोचून घेतले की चित्र बदलते. अनेक पॉलिसींचे छत्र तिथपर्यंत पोहोचत नाही. पॉलिसी काढताना सोरायसिस दडवू नये, कारण पुढे दावा फेटाळण्याचे ते आयते निमित्त ठरते.

बिलांत न येणारा खर्च वेगळाच. सकाळची आखडण ओसरेपर्यंत आठ-पाचची लोकल निघून जाते. रेल्वेपुलाचे जिने चढणे हे एक काम होऊन बसते आणि डब्यात वरची कडी धरताना बाही सरकली की शेजारचा माणूस किंचित बाजूला होतो. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. तरीही कुष्ठरोगाशी त्याची गल्लत आजही होते. थकवा तर दिसतच नाही, त्यामुळे त्यासाठी मागितलेली रजा आळसाच्या खात्यावर जमा होते. कंत्राटी नोकरीत ती रजाही नसते. गृहिणीच्या बाबतीत तर बुडालेल्या कामाची नोंद कुठेच होत नाही. पोळ्या लाटण्यासाठी बाई ठेवली, तर तेवढाच खर्च वहीत दिसतो.

सोरायसिस असलेल्यांसाठी पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी जगभर वापरली जाते. एखादा सांधा कधी सुजला होता का? आपल्याला संधिवात आहे, असे डॉक्टरांनी कधी सांगितले होते का? नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का? टाच दुखते का? हाताचे वा पायाचे एखादे बोट, काही न लागता, पुरते सुजून दुखले होते का? यांपैकी तीन किंवा अधिक उत्तरे ‘होय’ असतील, तर संधिवाततज्ज्ञांकडे जावे. हे प्रश्न त्वचारोगतज्ज्ञांनी विचारावेत आणि त्यांनी विचारले नाहीत, तर रुग्णाने आपण होऊन उत्तरे सांगावीत. मोजे काढून दाखवायलाही संकोच करू नये.