जाड तारांची गिटार

भजनाला बसलो की कधी तबल्याचा डग्गा थांबवून पाहा. गाणं चालू राहतं, पण पोकळ वाटतं. डग्गा वाजत असतो तेव्हा मात्र त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. बँडमध्ये हेच काम बास गिटार करते. दिसायला गिटारच, पण तारा जाड, बहुधा चारच, आणि आवाज खालच्या पट्टीतला, घुमणारा.

मुंबईच्या मोहिनी डे हे वाद्य वाजवतात. जन्म १९९६ चा, घर बंगाली. आई गायिका, वडील बास वाजवणारे. तीन वर्षांची असतानाच वडिलांनी शिकवायला घेतलं आणि शाळेच्या वयातच ही पोरगी मोठ्यांच्या बरोबरीनं कार्यक्रमात वाजवू लागली. पुढे ए. आर. रहमान, झाकिर हुसेन यांच्यासोबत वाजवलं. २०२३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. नाव त्यांचंच, 'मोहिनी डे'. मागं बसणारं वाद्य त्यात पुढं आलं आहे.

त्यात जॅझ आहे, फंक आहे, रॉकही आहे. जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. चाल ठरलेली, पण ज्याची पाळी येईल तो ती आपल्या मनानं फुलवतो, आपल्याकडे गवई राग फुलवतो तसा. फंक त्याच लोकांचं, १९६० नंतरचं. त्यात सगळा जोर पहिल्या मात्रेवर, म्हणजे आपल्या समेवर. बासची तार अंगठ्यानं ठोकून वाजवतात. ही ढब रुळवली लॅरी ग्रॅहम यांनी. ते आईसोबत वाजवायचे. आईनं ड्रमवाल्याशिवाय कार्यक्रम करायचं ठरवलं, तेव्हा ड्रमची उणीव भरून काढायला पोरगा तारा ठोकू लागला. आईच्या काटकसरीतून म्हणा ना!

परकं वाटतं का हे? आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला' सिनेमात लॅटिन ताल, म्हणजे क्युबाकडचे ठेके आणले. गोव्याचे चिक चॉकलेट आपल्या वादकांसह त्यात पडद्यावरही दिसतात. त्या चालींवर आपल्या आज्या-माम्याही डोलल्या आहेत.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. एका गटात मुलीला ढोलकी घेण्यासाठी अंतर्गत कर्ज मागितलं, तर "वाजवून पोट भरते काय वं?" असं विचारलं गेलं. पापडाच्या मशीनला हा प्रश्न कोणी विचारत नाही. सप्ताहात, लग्नात वाजवणाऱ्याला बिदागी मिळतेच की. ती पोरालाच का मिळावी? माझ्या मते हप्ता फेडायची ऐपत पाहावी आणि कर्ज द्यावं. पण नुसती ढोलकी आणून भागत नाही. रोजचा तासभर रियाज लागतो आणि तेवढा वेळ पोरीच्या हातात झाडू द्यायचा नाही. घरात पैशापेक्षा हेच अवघड जातं.

मोहिनीताईंचं वादन मोबाइलवर सहज सापडतं. मात्र मोबाइलच्या बारीक स्पीकरमधून खालचा आवाज नीट येत नाही, म्हणून इअरफोन लावा. आधी ड्रमकडे कान द्या, मग त्याच्याखाली घुमणारी तार शोधा.