पोलिओचा डोस पुन्हा पुन्हा का होता? आरोग्याचं संशोधन आपल्या दारापर्यंत कसं पोहोचतं

पल्स पोलिओचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना दारावरचा एक सवालही आठवत असेल. "मागच्याच वेळी पाजला ना, मग परत कशाला?" डोसाची पेटी खांद्याला लावून आलेल्या ताईंकडे याचं उत्तर बहुतेक वेळा नसायचं. वरून मोहीम आली आहे, एवढंच त्या सांगू शकत. रिकाम्या राहिलेल्या त्या जागेत मग अफवा शिरली: हा डोस मुलांना नापुंसक करतो, म्हणून तर आपल्याच मोहल्ल्यात वारंवार येतात. ज्या पिढीने आणीबाणीतली सक्तीची नसबंदी पाहिली होती, तिला हे खरं वाटायला फार वेळ लागला नाही.

पण त्या सवालाला उत्तर होतं. २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक संशोधन छापून आलं. तेव्हा वापरात असलेल्या तिहेरी पोलिओ लसीचा एक डोस एक नंबरच्या पोलिओ विषाणूपासून किती मुलांना वाचवतो, याचा त्यात हिशोब होता. उत्तर प्रदेशात हा आकडा साधारण ९ टक्के निघाला, तर उरलेल्या भारतात सुमारे २१ टक्के. दाट वस्ती, उघड्यावरचं सांडपाणी आणि मुलांना सतत होणारे जुलाब यांमुळे तोंडावाटे दिलेली लस पोटात नीट रुजत नसावी, असं संशोधकांनी मांडलं.

आता हेच आपण घरात करून पाहू. ताटात १०० चणे घ्या. प्रत्येक चणा म्हणजे एक मूल. पहिला डोस दिला, ९ चणे उचलून बाजूला ठेवा. ती मुलं सुरक्षित झाली. ताटात उरले ९१. दुसऱ्या डोसाला या ९१ पैकी ९ टक्के, म्हणजे साधारण ८ बाजूला जातील. तिसऱ्याला ७-८. असं दहा वेळा केलं तरी ताटात जवळपास ३९ चणे उरतातच. कोणते ३९, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. म्हणून तर सगळ्यांनाच पुन्हा पाजावं लागत होतं.

पाच मिनिटांचं काम आहे. नववीतल्या मुलीने आजीला समजावून सांगावं इतकं सोपं. आणि यातून कळतं ते फक्त ‘डोस घ्या’ एवढंच नाही. आपल्या गल्लीतलं गटार उघडं असेल तर लससुद्धा कमी काम करते, म्हणजे पोलिओ विचारताना गटारही विचारायला हवं, हेही त्याच ताटातून दिसतं. त्या काळात टीव्हीवर ‘दो बूंद जिंदगी की’ हे घोषवाक्य होतं. घोषवाक्य म्हणून ते छान होतंच, पण आमच्या मते त्याने एक घोळही केला. दोन थेंबांत जिंदगी मिळते म्हटल्यावर दहाव्या वेळी आलेल्या दोन थेंबांवर माणूस शंका घेणारच.

पुढे एकेका विषाणूसाठी वेगळी, जास्त परिणामकारक लस आली. सोबत सांगण्याची रीतही बदलली. उत्तर प्रदेशात अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया इस्लामिया मोहिमेत उतरले, मशिदींतून एलान होऊ लागलं, मौलानांनी स्वतःच्या घरातल्या मुलांना सर्वांसमोर डोस पाजले, मोहल्ल्यातल्याच बायका घरोघरी बोलायला जाऊ लागल्या. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

नकाशा एकटा पुरला नाही

आरोग्याच्या अभ्यासात चित्राचा विषय निघाला की लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांचा नकाशा सगळे दाखवतात. १८५४ साली सोहो भागात कॉलऱ्याने काही दिवसांत सहाशेच्या वर माणसं गेली. स्नो यांनी प्रत्येक मृत्यूसाठी नकाशावर एक काळी रेघ मारली आणि रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती दिसली. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. पुढची कमी सांगितली जाते. साथ तोवर ओसरायला लागलीच होती, आणि नकाशा पाहूनही सरकारी आरोग्य मंडळाला पाण्याचं कारण पटलं नाही. ते दूषित हवेलाच दोष देत राहिलं. त्या वस्तीतले तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड यांनाही स्नो चुकीचे वाटत होते. ते खोडून काढण्यासाठीच त्यांनी चौकशी सुरू केली. वस्तीतली घरं त्यांच्या ओळखीची होती, त्यामुळे त्यांना जे कळलं ते बाहेरच्या डॉक्टराला कळणं अवघड होतं. कोण वारलं, त्याने कुठलं पाणी प्यायलं, घरात आधी कोण आजारी होतं, असं विचारत ते अखेर पंपासमोरच्या घरापर्यंत पोहोचले. तिथल्या तान्ह्या बाळाला आधी जुलाब झाले होते, आईने लंगोट धुतलेलं पाणी ज्या शोषखड्ड्यात टाकलं तो विहिरीपासून तीन फूटही लांब नव्हता. विरोध करायला निघालेला माणूसच मग स्नो यांच्या बाजूचा साक्षीदार झाला. आपल्या मशिदीच्या इमामांना आणि मोहल्ल्यातल्या जुन्या सुईणींना जे माहीत असतं, ते कुठल्याही कचेरीतल्या तक्त्यात नसतं.

गडचिरोलीचे मणी

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर आम्हाला याहून सरस वाटतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेसमोर बाळांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. एका मिनिटात बाळ किती श्वास घेतं यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. पण गावातल्या दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग एक साधन तयार झालं: एक मिनिटाची वाळूची घडी आणि सोबत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलात, तर न्यूमोनिया. अवघड शास्त्र निरक्षर बाईच्या हातात आलं, तेही तिला कमी न लेखता.

पुढे घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग झाला. तो डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. नवजात मृत्यूचं प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आलं आणि तुलनेच्या गावांच्या मानाने घट निघाली ६२ टक्के. दोन वेगळे ६२ एकाच कागदावर! नुसता आकडा वाचून दाखवला तर ऐकणारा गोंधळणारच. त्यापेक्षा असं सांगा: आधी १६ बाळंतपणांमागे एक बाळ महिन्याच्या आत जायचं, नंतर ४० मागे एक. आज आशा ताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देतात, त्यामागे हाच अभ्यास आहे.

बालमृत्यूंवरच्या अहवालाला याच मंडळींनी नाव दिलं होतं ‘कोवळी पानगळ’. दोन शब्दांत विधानसभेपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांना विषय कळला.

गोष्ट फसवतेही

गोष्टीत ताकद आहे, तसा धोकाही आहे. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्येच अँड्र्यू वेकफिल्ड यांचा अवघ्या १२ मुलांवरचा लेख आला आणि गोवर-गालफुगी-रुबेलाच्या लसीचा संबंध ऑटिझमशी जोडला गेला. आईबापांच्या कहाण्या हलवून टाकणाऱ्या होत्या. नंतर लाखो मुलांवरच्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही, आणि २०१० मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. तरी ती गोष्ट आजही व्हॉट्सअॅपवर फिरतेच आहे. म्हणून कुणी कहाणी सांगितली की विचारावं, अशी किती मुलं? कुणाशी तुलना केली? आणि रंगीत आलेख आला की आधी उभी रेघ शून्यापासून सुरू होते का ते बघावं. ९० पासून सुरू केली तर ९२ आणि ९६ मधला फरक डोंगराएवढा दिसतो.

हे सगळं आज का सांगतोय? २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी, तसंच भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला आणि मुलं दगावली. गोवराची साथ थांबायला ९५ टक्के मुलांना लस मिळालेली असावी लागते. ‘९५ टक्के’ असं लिहिलेला फलक लोक वाचून पुढे जातात. आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात मात्र २० मुलांची चित्रं लावा आणि खाली लिहा, यातल्या १९ जणांना दोन्ही डोस हवेत. मग कुणीतरी मोजायला लागेल, आपल्या मजल्यावर किती. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहून गेला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो. बाळाचं लसीकरण कार्ड सोबत न्यावं, आणि कार्ड हरवलं असलं तरी जावं.