थळभरीत, थळमोड आणि बाळकुमचा नाका

ठाण्याहून भिवंडीस जातांना बाळकुम लागतें. तेथील चौकास लोक ‘नाका’ म्हणतात. हा शब्द मूळचा जकातीच्या चौकीचा. पेशवाईंत माल भरण्याच्या स्थळीं थळभरीत, विकण्याच्या स्थळीं थळमोड व शिक्क्याबद्दल छापा, अशी जकात घेत. चौक्या पुष्कळ, म्हणून हुंडेकरी ठराविक रकमेंत व्यापाऱ्याचा माल सर्व चौक्यांतून पार करून देत. सबब दप्तरांत एकाच मालावर दोन रकमा आढळल्या, तरी तो जुलूमच असें एकदम ठरवूं नये.

ठाणें शहरांत १ एप्रिल २०१३ रोजीं जकातीच्या जागीं स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांस त्यांतून सूट मिळाली. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू होऊन तोही सरला. कर वाटेवरून हिशेबाच्या वहींत गेला, नाक्यावरील खोळंबा संपला; परंतु पालिका स्वतःच्या उत्पन्नास मुकून राज्याच्या भरपाईवर विसंबली.

जुनें दस्तक आपण जपतों, तशाच नाक्यावरील पावत्याही संग्राहकांनीं रद्दींतून वांचवाव्या. उद्यांचीं साधनें तींच होत.