शेंद्र्याच्या दोन ऑक्टाव्हिया
छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाने २००१ मध्ये ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. तिचे १.९ लिटरचे डिझेल इंजिन ९० अश्वशक्तीचे होते. एकच फिरता पंप प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने इंधन पुरवी. २०१३ च्या ऑक्टाव्हियात २ लिटरचे, १४३ अश्वशक्तीचे इंजिन आले. त्यात सामाईक नळीत इंधन प्रचंड दाबाखाली साठते आणि विजेवर उघडणारे इंजेक्टर ते एकेका फेरीत थोडेथोडे करून अनेकदा फवारतात. म्हणून खडखड कमी. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतरही सुमारे १७ सेंटिमीटरने वाढले. जुन्या गाडीत मागे बसणाऱ्याचे गुडघे अडत, ती तक्रार मिटली. काचेसकट उचलले जाणारे डिकीचे झाकण मात्र दोन्हींत कायम राहिले आणि ऑक्टाव्हियाची खरी हुशारी तीच: दिसायला सेडान, पण मागची सीट पाडली की आत सायकलही मावते.