फरिनाचं पुढे काय झालं?

अप्रेजलच्या दिवसांत ऑफिसात एकच चर्चा असते. कुणाला किती मिळाले? १९२०च्या दशकात हॉलिवूडच्या हॅल रोच स्टुडिओत, ‘अवर गँग’ या विनोदी लघुपटांच्या टीममध्ये हा प्रश्न विचारला असता, तर उत्तर आलं असतं... फरिनाला! आठवड्याला ३५० डॉलर, गँगमधल्या सगळ्या पोरांपेक्षा जास्त. आणि हा फरिना होता एक कृष्णवर्णीय मुलगा. तेही अशा काळात, जेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला थिएटरमध्ये गोऱ्यांच्या शेजारी बसायला मिळत नव्हतं.

त्याचं खरं नाव अ‍ॅलन हॉस्किन्स. जन्म १९२०चा, बॉस्टनमधला. १९२२ मध्ये, नीट बोलताही येत नसेल अशा वयात, तो कॅमेऱ्यासमोर आला. १९३१ पर्यंत त्याने शंभराहून जास्त लघुपट केले. गोरी-काळी पोरं एकाच गल्लीत मिळून दंगा करतायत, हे दृश्यच तेव्हा नवं होतं. मूकपट गेले, बोलपट आले, फरिना टिकला. सॉलिड करिअर, नाही का?

आता जरा पडद्याकडे नीट बघा. फरिना म्हणजे गव्हाची लापशी, हे झालं त्याचं नाव. केसांच्या शेंड्यांना रिबिनी, अंगावर जुनेपाने कपडे. मुलगा की मुलगी, तेही प्रेक्षकांना कळू द्यायचं नाही. भूत दिसलं की डोळे मोठ्ठे करून पळत सुटायचं. पगार सगळ्यात जास्त, पण हसायचं तेही त्यालाच. तरीसुद्धा हा पठ्ठ्या अख्खा सीन खाऊन टाकायचा!

मग तो मोठा झाला, आणि लाडाचं पोर एकदम ‘काळा माणूस’ झालं. त्या काळच्या हॉलिवूडकडे अशा माणसासाठी नोकर-हमालाच्या भूमिकांपलीकडे फारसं काही नव्हतं. अ‍ॅलनचा सिनेमात पुन्हा जम बसला नाही. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात गेला. परतल्यावर पुढे त्याने वेगळीच वाट धरली. मानसिक अपंगत्व असलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचं काम त्याने कित्येक वर्षं केलं. तिथे ना टाळ्या, ना रिबिनी.

१९७५ मध्ये ‘ब्लॅक फिल्ममेकर्स हॉल ऑफ फेम’ने त्याचा सन्मान केला. १९८० मध्ये ओकलंडमध्ये तो गेला, साठी गाठायच्या आतच.

तेव्हा यंदा शेजारच्या क्युबिकलमधला आकडा ऐकून पोटात दुखलंच, तर फरिनाला आठवा. पॅकेज किती, हा प्रश्न बरोबरच आहे. पण त्या पैशांत आपल्याला काय बनून उभं राहावं लागतं, हेही एकदा विचारून बघा.