ग्रीक शोकनाट्य आणि आमचा ‘वन्स मोअर’

शिरूर-दौंडकडील ज्या घरीं वडील मंडळी अजूनहि नाट्यगीतें आवडीनें ऐकतात, त्या घरीं ‘इलेक्ट्रा’ ही जर्मन संगीतिका लावली तर काय होईल? कांहीं जण कानांवर हात ठेवतील, असें आम्हांस वाटतें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. खुद्द युरोपांतहि तेंच झालें.

सोफोक्लीझच्या शोकनाट्यावरून हॉफमन्स्थाल यांनीं रचलेल्या नाटकास रिखार्ड स्ट्राउस यांनीं संगीत दिलें. पहिला प्रयोग २५ जानेवारी १९०९ रोजीं ड्रेस्डेन येथें झाला. पित्याच्या खुनाचा सूड मातेवर उगवावा म्हणून झुरणारी कन्या, शंभरांवर वादक, आणि पावणेदोन तासांच्या सुमारास चालणारा एकच अंक! त्या रात्रीं राणीची भूमिका गाणाऱ्या शूमान-हाइंक बाईंनीं पुन्हां ती भूमिका केली नाहीं. पुढील वर्षीं लंडनांत या संगीतिकेस मोठी गर्दी लोटली, आणि टीकाकार न्यूमन व तिचे कैवारी शॉ यांचा जाहीर वाद जुंपला.

आतां आपल्याकडे पाहूं. आपलीं संस्कृत नाटकें बहुधा गोड शेवटाचीं. अशा परंपरेंत गंधर्व नाटक मंडळीनें २० फेब्रुवारी १९१९ रोजीं बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलें. गडकरी महिन्यापूर्वींच निवर्तले होते, पदें वि. सी. गुर्जरांचीं. भरजरी शालूंबद्दल ख्याति असलेले बालगंधर्व सिंधू म्हणून ठिगळांच्या लुगड्यांत उभे राहिले. प्रेक्षक डोळे पुशीत, आणि संगीत नाटकाच्या रिवाजाप्रमाणें ‘वन्स मोअर’हि देत.

हा विसंगतपणा नव्हे काय? आमच्या मतें तो सर्वस्वीं दोष नव्हे. पद संपतांच दुःखास क्षणभर विसांवा मिळतो. आजीपासून नातवापर्यंत सारें कुटुंब एकत्र बसून तें सोसूं शकतें. स्ट्राउस हा विसांवा देतच नाहींत. मातेचा वध ते डोळ्यांआड ठेवतात, पण आंतून येणारी तिची किंकाळी चुकवितां येत नाहीं.

तथापि विसांव्याचाहि अतिरेक होतो. पद तेवढें लक्षांत राहून सिंधू विसरली गेली, तर ज्या घरांत आज पेला शिरला आहे, त्या घरच्या गृहिणीचा आक्रोश आपल्या कानीं कसा पडावा? म्हणून आमची सूचना अशी : मुलांस कथा आधीं सांगून मोठ्या मंडळींनीं ‘इलेक्ट्रा’ एकदां न थांबतां ऐकावी, आणि नंतर ‘एकच प्याला’ पदांपुरता नव्हे, तर पहिल्यापासून अखेरपर्यंत घरांत मोठ्यानें वाचावा.