पासवर्ड बरोबर, तरीही जुनं आउटलुक पुन्हा पुन्हा पासवर्ड का मागतं?

समजा, शेंद्रा एमआयडीसीत तुमचं छोटं वर्कशॉप आहे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आहे आणि कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी टाकून दिलेलं आउटलुक २०१०. सकाळी ‘सेंड/रिसीव्ह’ दाबलं की पासवर्ड विचारणारी छोटी खिडकी उघडते. पासवर्ड टाकला, ओके केलं, की खिडकी परत हजर! मोबाईलवर मात्र तोच मेल, तोच पासवर्ड व्यवस्थित चालतोय. तिकडे पर्चेस ऑर्डर येऊन पडली असेल आणि कोटेशन दुपारपर्यंत द्यायचंय.

शेंद्र्यात ऑरिक नावाचं नवं औद्योगिक शहर उभं राहतंय, २०१९ मध्ये तिथल्या ऑरिक हॉलचं उद्घाटनही झालं. पण छोट्या गाळ्यातला कॉम्प्युटर जोवर चालतो तोवर कुणी बदलत नाही, आणि त्यात गैरही काही नाही. अडचण अशी की मेल पाठवणारा सर्व्हर तुमच्या कॉम्प्युटरसाठी थांबत नाही.

आधी एक काम करा

दुरुस्तीला हात लावण्याआधी जुने मेल वाचवा. आउटलुकमध्ये खातं ‘पॉप’ पद्धतीने जोडलेलं असेल, तर मेल सर्व्हरवरून खाली उतरतात आणि बहुतेक वेळा सर्व्हरवरची प्रत पुसली जाते. म्हणजे दहा वर्षांच्या ऑर्डरी, ड्रॉइंग, डेबिट नोटा जगात फक्त एका फाइलमध्ये असतात. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘पीएसटी’ असतं आणि आउटलुक २०१० मध्ये ती सहसा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये सापडते. आउटलुक बंद करा आणि ती फाइल पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण, ‘विंडोज नवीन टाकून देतो, सगळं ठीक होईल’ हा सल्ला फार सहज मिळतो. सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला की ही फाइलही गेली. आणि त्यानंतरही पासवर्डची खिडकी येतच राहील, कारण बिघाड विंडोजमध्ये नव्हताच.

मग बदललं काय?

पूर्वी मेल प्रोग्राम तुमचं नाव आणि पासवर्ड सरळ सर्व्हरला द्यायचा. याला ‘बेसिक ऑथेंटिकेशन’ म्हणतात. चोरलेला पासवर्ड कुठूनही वापरून पाहता येतो, आणि या पद्धतीत मोबाईलवर ओटीपी विचारायची सोयच नाही. म्हणून मोठ्या कंपन्यांनी ती बंद करत आणली. गूगलने साध्या जीमेल खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून ती बंद केली, कंपन्यांच्या वर्कस्पेस खात्यांसाठी २०२५ मध्ये. मायक्रोसॉफ्टने व्यावसायिक खात्यांवर १ ऑक्टोबर २०२२ पासून ती काढायला सुरुवात केली आणि हॉटमेल, आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांवर १६ सप्टेंबर २०२४ ला.

नवी पद्धत कंपनीच्या गेटसारखी आहे. सिक्युरिटी केबिनमध्ये ओळख पटवायची, तिथून पास घ्यायचा आणि आत पासच दाखवायचा. आउटलुक २०१० ला ही केबिन माहीतच नाही. ते थेट गेटवर जाऊन पासवर्ड सांगतं, सर्व्हर नाही म्हणतो, आणि आउटलुकला त्याचा एकच अर्थ कळतो: पासवर्ड चुकला. चुकलेला नसतो!

बिघाड कुठे आहे, कसं ओळखायचं?

त्याच कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडा आणि वेबवरून मेलमध्ये लॉगइन करा. तिथेही पासवर्ड चालला नाही, तर तो खरंच चुकलाय किंवा खातं अडवलेलं आहे. तिथे चालला आणि आउटलुकमध्ये नाही, तर पासवर्ड बदलून काहीही होणार नाही. उलट मोबाईलवरचं चालू मेलही बंद पडेल.

पुढचं सगळं मेल कुणाकडे आहे त्यावर ठरतं.

जीमेल असेल तर मार्ग सोपा आहे. गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, मग खात्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲप पासवर्ड’ शोधा. गूगल १६ अक्षरांचा एक पासवर्ड देतं. आउटलुकमध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी हा टाकायचा, मधल्या जागा न सोडता. एररमध्ये ‘ॲप्लिकेशन-स्पेसिफिक पासवर्ड रिक्वायर्ड’ असं आलं, तर सर्व्हर हेच मागतोय. पुढे कधी गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला, तर हे ॲप पासवर्ड रद्द होतात आणि नवा काढावा लागतो. ‘काल चालू होतं, आज बंद’ याच्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर आउटलुक २०१० वर वेळ घालवू नका. तिथे ॲप पासवर्डचाही उपयोग नाही. मेल ब्राउझरमध्ये वापरा किंवा नवा प्रोग्राम घ्या.

स्वतःच्या कंपनीच्या नावाचं डोमेन, होस्टिंगवाल्याकडून घेतलेलं, हा तिसरा आणि थोडा किचकट प्रकार. असे बरेच सर्व्हर अजून साधा पासवर्ड घेतात, पण कनेक्शन टीएलएस १.२ ने सुरक्षित हवं असतं. विंडोज एक्सपी आणि त्यातल्या आउटलुक एक्सप्रेसला ते येत नाही, तिथे विषय संपला. विंडोज ७ ला येतं, पण मूळ सेटिंगमध्ये आउटलुक ते वापरेलच असं नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं केबी ३१४०२४५ हे अपडेट आणि रजिस्ट्रीत एक बदल लागतो. हे माहितगाराकडूनच करून घ्या.

याच प्रकारात सेटिंगही पाहा. युजरनेमच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता हवा. सुरक्षित पोर्ट पॉपसाठी ९९५, आयमॅपसाठी ९९३, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. मेल येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असेल तर ‘आउटगोइंग सर्व्हर’च्या टॅबमध्ये ‘ऑथेंटिकेशन आवश्यक’ या चौकोनात टिक आहे का ते बघा.

ऑफिसातले सगळेच कॉम्प्युटर एकदम बंद पडले आणि मोबाईलच्या डेटावर मेल चालतोय, तर संशय वेगळा घ्यायचा. एखादं आउटलुक दर काही मिनिटांनी चुकीचा पासवर्ड पाठवत राहिलं, की अनेक होस्टिंग सर्व्हर तुमच्या ऑफिसचं इंटरनेट कनेक्शनच ब्लॉक करतात. आधी ते आउटलुक बंद करा, मग होस्टिंगवाल्याला ब्लॉक काढायला सांगा.

आणि घड्याळ पाहायला विसरू नका. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सर्व्हरचं सर्टिफिकेट अवैध ठरतं आणि कनेक्शन होत नाही. शंभरेक रुपयांच्या आतला सेल बदलला तरी काम होऊ शकतं.

मदत शोधताना

घाईत नेटवर ‘जीमेल कस्टमर केअर नंबर’ शोधू नका. असे नंबर अनेकदा भामट्यांचे असतात. ते स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतात, आणि ऑफिसच्या त्याच कॉम्प्युटरवर तुमचं नेट बँकिंगही असतं. मेल त्यांच्या हातात गेला तर ‘आमचा बँक खाते क्रमांक बदललाय, पेमेंट इथे करा’ असा निरोप तुमच्याच पत्त्यावरून तुमच्या ग्राहकाला जाऊ शकतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

नवं काय घ्यायचं?

आउटलुक २०१० चे अपडेट १३ ऑक्टोबर २०२० ला बंद झाले, विंडोज ७ चे त्याआधी, १४ जानेवारी २०२० ला. नवं मशीन यायला वेळ असेल तर थंडरबर्ड हा मोफत प्रोग्राम आहे. त्याला गेटपासची नवी पद्धत येते. विंडोज ७ वर चालणारी त्याची शेवटची मालिका ११५ आहे आणि तीही आता जुनीच, त्यामुळे हा पर्याय काही महिन्यांपुरताच धरा. जुने मेल त्यात आणायचे असतील तर त्याच मशीनवर आउटलुक असलेलं बरं. म्हणून नवी व्यवस्था नीट चालेपर्यंत जुनं आउटलुक काढून टाकू नका.